घरून काम करताना हुरूप टिकतो कशावर?

(या भागाचा हा लेखी मसुदा. बोलताना झालेल्या पुनरुक्त्या तेवढ्या काढल्या आहेत, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)



आजचा भाग एका प्रश्नावर आहे. प्रश्न आलाय बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याहून. श्रोता पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो, आणि गेलं वर्षभर ते घरूनच करतोय. खोलीचं भाडं वाचतं, आईच्या हातचं जेवण मिळतं, वडिलांना दवाखान्यात न्यायला घरात कुणीतरी असतं. सगळं छान चाललं होतं. आता तो म्हणतो, सकाळी दहाला लॅपटॉप उघडतो आणि अकरा वाजले तरी एक ओळ लिहून झालेली नसते. पाठ दुखते, दुपारी झोप येते, रात्री अकराला उरलेलं काम उपसत बसावं लागतं. शेवटी त्याने विचारलंय, "मी आळशी झालोय का? की गपगुमान पुण्याला परत जाऊ?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर बरंच अवलंबून आहे. हे जमलं नाही तर पगार, आई-वडील आणि गाव यांतलं काहीतरी सोडावं लागणार. म्हणून "सकारात्मक राहा, लवकर उठा" असल्या सल्ल्यावर आज वेळ घालवायचा नाही. हुरूप नेमका कशामुळे जातो ते आधी समजून घेऊ, मग उपायाकडे वळू.

ऑफिस फुकटात काय देतं?

ऑफिसला जाणारा माणस रोज सकाळी मनाचा निग्रह करून कामाला लागतो असं नाही. त्याला तिथली व्यवस्था कामाला लावते. बघा, ऑफिस आपल्याला चार गोष्टी न मागता देतं.

पहिली, दिवसाला कडा. बस पकडायची म्हणजे दिवस सुरू झाला, बॅग उचलली म्हणजे संपला. दुसरी, जागा. टेबल, खुर्ची, दिवे, पंखा, वीज, यांतल्या कशाचीच काळजी आपल्याला नसते. तिसरी, माणसं. शेजारी चौघं काम करत असले की आपलाही हात चालतो. आणि चौथी, पावती. काम दिलं की कुणीतरी बघतं, "झालं का? बरं झालं," एवढं तरी म्हणतं.

घरी आलो की या चारही गोष्टी गळतात. पहिले काही महिने नवेपणाच्या जोरावर निघून जातात. मग एक दिवस हुरूप संपतो आणि आपण स्वतःला आळशी म्हणायला लागतो. तर आजच्या भागाचं म्हणणं एवढंच आहे: घरून काम टिकतं ते इच्छाशक्तीवर नाही, या चार गोष्टी आपण पुन्हा उभ्या करतो का त्यावर. आणि त्या मोताळ्यातही उभ्या करता येतात.

लिज्जतच्या बायकांनी काय केलं होतं?

घरून काम ही २०२० च्या लॉकडाऊनची देणगी, असं आपल्याला वाटतं. पण विणकर, शिंपी, विडी वळणाऱ्या बायका कितीतरी आधीपासून घरूनच काम करत आल्या आहेत. आणि घरून काम नीट कसं बसवायचं याचं एक उत्तम उदाहरण मुंबईत १९५९ साली उभं राहिलं.

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. तेच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड झालं. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पैशांची आणि यशाची गोष्ट आपण ऐकलेली असते. आज फक्त कामाची पद्धत बघू.

पीठ भिजवायचं काम शाखेत होतं. बहिणी सकाळी शाखेत येतात, आदल्या दिवशी लाटलेले पापड देतात, नवं पीठ घेऊन घरी जातात. लाटणं, वाळवणं घरी. दुसऱ्या दिवशी पापड शाखेत वजनावर घेतले जातात, दर्जा तपासला जातो आणि लाटणावळ हातात पडते. नवीन बहीण घेताना तिच्या घरी स्वच्छता आहे का, पापड वाळत घालायला जागा आहे का, हेही पाहिलं जातं.

आता आपल्या चार गोष्टी लावून बघा. सकाळची शाखेची फेरी ही दिवसाची कडा. घराची पाहणी म्हणजे जागेचा प्रश्न. रांगेत भेटणाऱ्या बाकीच्या बहिणी म्हणजे माणसं. आणि वजनकाटा म्हणजे पावती. काम घरचं आहे, पण त्याची चौकट घराबाहेर बांधलेली आहे.

याच गोष्टीतला आणखी एक तपशील मला फार आवडतो. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम थांबलं नाही. अडचण हवेची होती, तर उत्तरही त्यांनी तिथेच शोधलं. हे लक्षात ठेवा, पुढे कूलरच्या वेळी लागणार आहे.

चीनमधला प्रयोग

हेच दुसऱ्या टोकाला एका प्रयोगात दिसलं. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत, कॉल सेंटरच्या लोकांवर नऊ महिने प्रयोग केला. निष्कर्ष २०१५ साली छापून आले. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. सुट्ट्या आणि मधली उठबस कमी झाल्याने, आणि घरी शांतता असल्याने.

हा आकडा पुष्कळदा सांगितला जातो. त्याच्या अटी मात्र कुणी सांगत नाही. प्रयोगात घेतलेल्या प्रत्येकाकडे घरी स्वतंत्र खोली असणं गरजेचं होतं. इंटरनेट हवं होतं. आणि ही माणसं आठवड्यातले चार दिवस घरून, पण एक दिवस ऑफिसातूनच काम करत होती. एवढं असूनही प्रयोग संपल्यावर घरून काम केलेल्यांपैकी निम्मेअर्धे लोक आपणहून ऑफिसात परतले. एक मोठं कारण होतं एकटेपणा.

म्हणजे आमच्या मोताळ्याच्या मित्राला जे जाणवतंय, ते तिकडच्या लोकांनाही जाणवलं. आळसाचा विषय इथे मिटला असं समजू. आता एकेक गोष्ट उभी करू.

पहिली गोष्ट: दिवसाला कडा

घरी असलो की काम दहालाही सुरू होऊ शकतं, साडेदहालाही, "चहा घेऊन बसतो" म्हणत अकरालाही. सुरुवात मोकळी सोडली की शेवटही मोकळा राहतो, आणि तो रात्री अकरावर जाऊन पडतो.

उपाय जुना आहे. घराबाहेर पडा आणि परत या. सकाळी आंघोळ, कपडे बदलणं, आणि वीस मिनिटं चालून येणं. मोताळ्यात एप्रिल-मेमध्ये हे सातच्या आत उरकायला हवं, नाहीतर ऊन गाठतं. परत आलात की थेट कामाच्या खुर्चीत. हीच तुमची शाखेची फेरी. संध्याकाळीही तसंच. लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवायचा, टेबलावर उघडा सोडायचा नाही, आणि बाहेर चक्कर. आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघालात तर आणखी छान.

"ठरवतो पण होत नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी मानसशास्त्रात एक साधी युक्ती आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ती मांडली. "उद्यापासून वेळेवर बसणार" असं ठरवण्याऐवजी "अमुक झालं की तमुक करणार" असं ठरवायचं. "दुधाचं भांडं आत ठेवलं की मी खुर्चीत बसेन." "बसलो की आधी कालची अर्धी राहिलेली फाइल उघडेन, मोबाईल नाही." २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, आणि नुसत्या निश्चयापेक्षा या पद्धतीने काम पार पडण्याचं प्रमाण चांगलंच जास्त दिसलं. कारण साधं आहे. त्या क्षणी विचार करायला काही शिल्लकच राहत नाही.

म्हणून संध्याकाळी काम बंद करतानाच उद्याची पहिली ओळ चिठ्ठीवर लिहून ठेवा. "अहवाल पूर्ण करणे" असं मोठं नाही. "अहवालातला तिसरा तक्ता भरणे" एवढं छोटं.

दुसरी गोष्ट: जागा, म्हणजे पाठ आणि डोळे

स्वतंत्र खोली सगळ्यांकडे नसते. ठीक आहे. एक कोपरा चालेल, पण तो रोज तोच हवा आणि तिथे दुसरं काही करायचं नाही. पलंगावर किंवा बाजेवर बसून काम करू नका. एक तर पाठीचा बाक होतो, आणि दुसरं म्हणजे झोपायच्या जागी काम केलं की तिथे धड काम होत नाही आणि धड झोपही लागत नाही.

हजारोंची खुर्ची लागते असंही नाही. तीन गोष्टी जुळवा. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायाखाली पाट घ्या. कोपर साधारण काटकोनात, खांदे न उचलता. आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला. लॅपटॉपची गोची अशी की स्क्रीन वर नेली तर कीबोर्डही वर जातो. म्हणून लॅपटॉप दोन-तीन विटांवर किंवा डब्यावर ठेवायचा आणि वेगळा कीबोर्ड-माऊस जोडायचा. नव्या खुर्चीच्या आधी हा खर्च करा. प्लास्टिकच्या खुर्चीत कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवली की काम भागतं.

पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवू नका. माठ आत असतो, तिथे उठून जा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उठणं होतं, डोळ्यांना लांबचं दिसतं, आणि पाणीही पोटात जातं.

ऊन, कूलर आणि लाईट

आता आपल्या भागाचा खास विषय. जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आपण मानतो. बुलढाणा घाटावर. राजूर घाट उतरून मलकापूरच्या दिशेने आलं की मोताळा, घाटाखाली. उन्हाळ्यात हा फरक अंगाला कळतो. पारा चाळिशीच्या वर गेल्यावर पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खोलीत दुपारी दोनला डोकं चालत नसेल, तर तो तुमच्या मनाचा दोष नाही. लिज्जतच्या खाट-स्टोव्हची आठवण इथे करा. हवा आड येतेय, तर हवेचंच काहीतरी करू.

एक, वेळ बदला. कंपनीने परवानगी दिली तर डोकं लागणारं काम सकाळी सात ते अकरा. दुपारी मेल, तक्ते, किरकोळ कामं. दुपारी वीस मिनिटं झोपलात तर त्याची लाज वाटू देऊ नका, फक्त गजर लावा.

दोन, कूलर नीट वापरा. कूलर हवा थंड करतो ते पाण्याची वाफ करून. त्यामुळे कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, आणि खोली बंद ठेवली की दमटपणा साचून निकामी होतो. समोरची खिडकी थोडी उघडी हवीच. श्रावणात तो उपयोगाचा नाही, तेव्हा नुसता पंखा. कॉलवर त्याचा घरघराट जात असेल तर कूलर खिडकीबाहेर बसवा, आणि तोंडाजवळ माईक येईल असा इअरफोन घ्या.

तीन, लाईट. मान्सूनच्या आधी वारावादळ सुटलं की लाईट जाते, आणि कॉलच्या मधोमध जाते. त्या धास्तीनेच अर्धा हुरूप जातो. तर एकदा हिशोब करून टाका. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. बॅटरी पूर्ण उपसायची नसते, इन्व्हर्टरही थोडी खातो, म्हणून हाती हजार-अकराशे धरा. लॅपटॉप ६०, राऊटर १०, बल्ब १०, साधा पंखा ७५, म्हणजे साधारण १५५ वॅट. सात तास निघतात. त्यात २०० वॅटचा कूलर जोडला की ३५५, आणि तीनच तास उरतात. पंखा कमी विजेचा, तीसेक वॅटचा घेतला तर दहा तास. म्हणजे लाईट गेल्यावर कूलर बंद, पंखा चालू, हा नियम.

इन्व्हर्टर नसेल तर निदान राऊटरसाठी छोटा बॅकअप घ्या, आणि मोबाईलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. एवढं केलं की आकाशात ढग आले म्हणून पोटात गोळा येत नाही.

तिसरी गोष्ट: माणसं

घरी माणसं असतातच, पण ती कामाची माणसं नसतात. उलट त्यांच्या लेखी तुम्ही "घरीच तर हाय". दळण आणून दे, सिलिंडर आलंय ते उतरवून घे, काकांचं आधार लिंक करून दे. शेजारी दारातूनच विचारतात, "काहून बापा, सुट्टी हाय का?" यात कुणाचा वाईट हेतू नसतो. बसून, बोटं चालवून पैसे मिळतात हे दिसतच नाही, म्हणून ते काम वाटत नाही.

यावर चिडून उपयोग नाही. एकदा आई-वडिलांना शेजारी बसवून दिवस समजावून सांगा. या वेळात कॉल असतो, चुकला तर पगारावर येतं, पण एक ते दोन मी तुमचाच. मग त्या एक तासात दळण आणा, सिलिंडर उतरवा. "मला त्रास देऊ नका" याऐवजी "मी अमुक वाजता मोकळा आहे" असं सांगितलेलं घरच्यांना पटतं. दाराला एखादा रुमाल बांधा, रुमाल आहे म्हणजे कॉल चालू. लहान मुलांनाही ते कळतं.

इथे बायकांबद्दल वेगळं बोलायला हवं. देशातल्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. जवळपास पाच तास आणि दीड तास. आता सून घरून नोकरी करू लागली की हे पाच तास कुठे जातात? ते कॉलच्या मध्ये येऊन बसतात. कुकरच्या शिट्ट्या मोजत मीटिंग करणाऱ्या बाईला "हुरूप टिकव" असं सांगणं हा अन्याय आहे. तिथला उपाय एकच. तिच्या कामाच्या तासांत स्वयंपाकघर दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं. कोण, कधी, हे ठरवून. मदत म्हणून नाही, वाटणी म्हणून.

आणि कामाची माणसं? ती शोधावी लागतात. तुमच्या आसपासही कुणीतरी घरून काम करत असेल, कुणी परीक्षेचा अभ्यास करत असेल. आठवड्यातले दोन दिवस एकत्र बसा. कंपनी वेगळी, काम वेगळं, तरी चालतं. शेजारी कुणी मान खाली घालून काम करतंय एवढं पुरतं. बऱ्याच तालुक्यांच्या गावांत आता अभ्यासिका निघाल्या आहेत. ज्या दिवशी कॉल नाहीत, त्या दिवशी तिथे बसता येईल. आणि शक्य असेल तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुण्याला जाऊन टीमला भेटा. मलकापूरला गाडी पकडायची, दोन दिवस राहायचं. तिकिटाचे पैसे वाया जातात असं समजू नका. त्या चिनी प्रयोगातला दर आठवड्याचा ऑफिसचा दिवस आठवा. त्यात आणखी एक दिसलं होतं: सारखंच काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या. नजरेआड झालं की माणूस विसरला जातो.

चौथी गोष्ट: पावती

लिज्जतच्या बहिणीला रोज काटा सांगतो की आज इतकं झालं. तुम्हाला कोण सांगतं? म्हणून काटा आपणच ठेवायचा. साधी वही घ्या. संध्याकाळी तीन ओळी: आज काय पूर्ण झालं, काय अडलं, उद्याचं पहिलं काम कोणतं. आणि यातली पहिली ओळ तुमच्या वरिष्ठांना किंवा सहकाऱ्याला रोज पाठवा. न विचारता. दोन फायदे. काम दिसतं, आणि समोरून "ओके, थँक्स" आलं तरी तो काट्याचा आवाज असतो. महिन्याने वही चाळली की "मी काहीच करत नाही" हे किती खरं, किती खोटं, तेही कळतं.

आणि हे सगळं करूनही जमलं नाही तर?

तर तीन शक्यता तपासा. कदाचित कामच असं असेल की ऑफिसातही त्याचा कंटाळा आला असता. मग प्रश्न घराचा नाही, नोकरीचा आहे. कदाचित तुमचा स्वभावच चार माणसांत खुलणारा असेल. तर थोडे दिवस पुण्यात, थोडे गावात, असं मागून बघा. परत जावं लागलं तरी ती हार नाही.

तिसरी शक्यता जास्त गंभीर. झोप, भूक, बोलणं, आवडीच्या गोष्टी, सगळ्यातूनच मन उडालं असेल आणि दोन आठवडे उलटूनही ते तसंच असेल, तर वही आणि खुर्ची यांनी ते सुटणार नाही. डॉक्टरांशी बोला. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आमच्या मोताळ्याच्या मित्राला मात्र एवढंच सांगेन की चारही गोष्टी एकदम सुरू करू नकोस, चार दिवसांत सुटतील. या सोमवारी फक्त सकाळची फेरी आणि संध्याकाळची चिठ्ठी. पंधरा दिवस. त्यानंतर विटा आणि कीबोर्ड. मग माणसं. पुण्याला परत जायचं की नाही, ते त्यानंतर ठरव.

तुमच्याकडे उन्हाळ्याची, लाईटची किंवा घरच्यांना समजावण्याची काही वेगळी युक्ती असेल तर जरूर कळवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर नमस्कार.